भूकंपाची दुरुस्ती

आमच्या घरात भूकंप करायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "मग कपडे कुठे धुवायचे?"

प्रश्न रास्त होता. भूकंप कपडे धुवायच्या मशीनमधूनच काढायचा होता आणि घरात मशीन एकच होतं.

आधी माझं सांगते. मी सातवीला पृथ्वी आणि अवकाश हा विषय शिकवते. तेव्हा मी तीन वर्षं तात्पुरती होते. तात्पुरत्या बाईला कामं कायमच्या बाईपेक्षा दुप्पट असतात आणि शिक्षकांच्या खोलीत कप नसतो. मी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपातून चहा प्यायचे आणि पाहुणे आले की तोही काढून घेत. त्या वर्षी माझी जागा कायम होणार होती, पण त्याआधी नमुना पाठ द्यायचा होता. चाळीस मिनिटं, तीन जणांची समिती, आणि पत्रात जाड अक्षरांत छापलेली एक अट: पाठाचं मुख्य शैक्षणिक साहित्य शिक्षकाने स्वतः तयार केलेलं असावं. पाठ उतरला तर मी कायम. नाही उतरला तर मी घरी, आणि माझे तास चित्रकलेच्या सरांकडे. त्या सरांना चंद्राच्या कला हा आपल्याच विषयातला धडा वाटतो.

साहित्याच्या नावाने माझ्याकडे एक कपाट होतं. त्यात एक पृथ्वीचा गोल होता, त्याचा दक्षिण ध्रुव कुणीतरी बसून चेपवलेला. खडकांची पेटी होती. बारा खडकांपैकी तीन मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून कामाला लागले होते, त्यामुळे आमच्याकडे ग्रॅनाइट शिकायचा तर मुलांना कार्यालयाच्या खिडकीतून डोकावावं लागे. ग्रह होते, पण शनीचं कडं हरवलं होतं. आणि ज्वालामुखीचं सामान होतं. ज्वालामुखी मी करणार नव्हते! नमुना पाठाला येणारा प्रत्येक उमेदवार सोडा आणि व्हिनेगर ओतून ज्वालामुखीच करतो. त्या समितीच्या कपड्यांवर आजवर इतका लाल फेस उडाला होता की ते लोक म्हणे पाठाला जुने कपडे घालून येतात.

मला भूकंप हवा होता. खराखुरा, मुलांनी बांधलेल्या काड्यांच्या इमारती पाडणारा. आणि भूकंपाचा जाणकार आमच्याच घरात सोफ्यावर बसून पाय शेकत होता.

माझे सासरे, बाबा, यांनी चाळीस वर्षं कपडे धुवायची मशीनं दुरुस्त केली. आता गुडघ्यांमुळे दुकान बंद आहे, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बाबा फिरायला निघाले आणि कुणाच्या खिडकीतून मशीनचा खडखडाट आला, की ते जागच्या जागी थांबतात. मग बेल वाजवतात. "तुमचा ड्रम डावीकडे कलतोय," असं दारातच सांगून अनोळखी माणसाच्या न्हाणीघरात शिरतात. काम झालं, की मशीनचे पाय मोजून सपाट करतात, वर पाण्याचा पेला ठेवून मशीन जोरात फिरवतात, आणि पेल्यातलं पाणी हललं नाही तरच खिशातून खडू काढून मशीनच्या बाजूला बरोबरची खूण करतात. ती खूण झाली की काम संपलं. चाळीस वर्षांत एकही मशीन त्या खुणेशिवाय त्यांच्या हातून बाहेर गेलं नाही.

"बाबा," मी विचारलं, "मशीन कशामुळे हलतं?"

"हलूच नये."

"पण मुद्दाम हलवायचं असेल तर?"

डॉक्टरला ताप कसा आणायचा असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, मी जन्मभर नाचणारी मशीनं शांत केली. आणि तू मला म्हणतेस नाचव?"

तीन दिवस त्यांनी विषय काढू दिला नाही. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले, तर ते मागच्या अंगणात हातात एक वीट घेऊन उभे होते आणि ती या हातातून त्या हातात घेत तिचं वजन जोखत होते. मला बघून जरा ओशाळले. "ड्रमच्या एका बाजूला ही बांधली, तर," ते म्हणाले, "असा गोंधळ होईल की विचारू नकोस."

आणि झाला! देवा, काय झाला! वीट ड्रमच्या आत एका बाजूला जुन्या पट्ट्याने करकचून बांधली, वर चार स्प्रिंगांवर एक फळी बसवली, फळीवर मी काड्यांची एक तिमजली इमारत ठेवली आणि बाबांनी बटण फिरवलं. ड्रम गरगरला, वीट प्रत्येक फेरीला एकीकडे झेपावली, मशीन थाडथाड उडालं, इमारत कोसळली, आतल्या फळीवरच्या ताटल्या वाजल्या आणि सासूबाई दोन्ही हातांनी कपबश्या धरून ओरडल्या, "अहो, घर पाडताय का?" मी आणि बाबा अंगणात उड्या मारत होतो. बाबांच्या गुडघ्यांना त्या दिवशी काहीही झालं नव्हतं.

तीन आठवडे आम्ही भूकंप घासूनपुसून तयार केला. मशीनच्या गोल बटणावर आधीच तीन खुणा होत्या: नाजूक कपडे, सुती कपडे, पिळणे. नाजूक म्हणजे सौम्य धक्का, सुती म्हणजे मध्यम, आणि पिळणे म्हणजे पळा. फळीच्या बाजूला मी दोऱ्याने एक जाड पेन टांगलं. त्याच्याखालून कागदाची पट्टी ओढली की धक्क्यांची नागमोडी रेघ उमटायची. रोज संध्याकाळी पाच वाजता भूकंप व्हायचा, आणि पाचला पाच कमी असताना सासूबाई निमूटपणे ताटल्या खाली उतरवून ठेवायच्या. कपडे त्या बादलीत धूत होत्या. माझा नवरा कामासाठी बाहेरगावी होता. त्याचे शर्ट धुवावे लागत नाहीत एवढ्यावरच त्या महिन्यात त्याच्या आईचं त्याच्यावरचं प्रेम वाढलं होतं.

आता ती अट. स्वतः तयार केलेलं. कल्पना माझी होती, आकृती माझी, पेन आणि पट्टी माझी, फळीला निळा रंग मी दिला होता. पण भूकंप बाबांचा होता, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. अर्जात मी "स्वतः" लिहिलं तेव्हा हात जरा अडखळला. पाठाच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "बाबा, उद्या तुम्ही शाळेत येऊ नका हं. समितीने विचारलं तर…"

"कोण येतंय?" बाबा म्हणाले. "मला वेळ कुठे आहे?"

आणि मग ते बराच वेळ एकच पाना फडक्याने पुसत बसले. मला फार वाईट वाटलं. तरीही मी शब्द मागे घेतला नाही, हेही सांगून टाकते.

सकाळी सातला टेम्पो येणार होता. मी आत साडीच्या निऱ्यांशी झटापट करत होते, तेव्हा अंगणातून मशीनचा आवाज आला. बाबा शेवटचं चालवून बघत असणार. मला भरून आलं. बोलायला गेले तर रडेन म्हणून मी त्यांना टाळूनच टेम्पोत बसले.

वर्गात समिती मागच्या बाकांवर बसली होती. दोन सदस्य होते. त्यातल्या एक बाई सतत पेन्सिलीला टोक करत होत्या, आणि एक गृहस्थ सतत घड्याळ बघत होते. अध्यक्ष मात्र माझ्याच टेबलाशी खुर्ची ओढून बसले होते, समोर माझा मूल्यांकनाचा कागद. उंच, वाळलेले, ओठ घट्ट मिटलेले. शिक्षकांत त्यांचं नाव पूर्णविराम होतं, कारण ते आले की सगळ्यांची वाक्यं संपायची. दाराशी मुख्याध्यापिकाबाई उभ्या होत्या, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू घेऊन.

मुलांनी गटागटाने इमारती आणल्या होत्या. काड्या आणि चिकणमातीचा मनोरा, पुठ्ठ्याचा रुग्णालयाचा चौकोन, आणि एका गटाने पाण्याच्या टाकीखाली चार बारीक पाय दिले होते. तो गट तिच्या मरणाची उत्सुकतेने वाट बघत होता. सगळं निळ्या फळीवर मांडलं. शेजारी मी पाण्याचा पेला ठेवला, लाटा दिसाव्यात म्हणून.

"मुलांनो," मी आवाज खोल केला, "आपल्या पायाखाली मैलोन्‌मैल जाडीचे खडक एकमेकांना रेटताहेत. वर्षानुवर्षं रेटताहेत. काहीच होत नाही. आणि मग एके दिवशी…"

मी बटण "नाजूक"वर फिरवलं.

मशीन सुरू झालं. घुंऽऽ असा छान, गोड आवाज आला. बस.

पेनाने पट्टीवर सरळ रेघ काढली. मी हसले. "हा अगदीच सौम्य. आता मध्यम." बटण "सुती"वर. घुंऽऽ जरा मोठं झालं. पेल्यातल्या पाण्यावर एक तरंग नाही. रेघ इतकी सरळ की भूमितीला वापरावी.

"आणि आता," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "महाभयंकर."

पिळणे. ड्रम वाऱ्याच्या वेगाने फिरत होता आणि मशीन डोळे मिटून बसलेल्या साधूसारखं निश्चल होतं. चिकणमातीचा मनोरा शांत. चार पायांची टाकी शांत. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, तिला अख्खी शाळा शंकाबाई म्हणते. तिने हात वर केला.

"बाई, भूकंप कधी येणार?"

"येतोय."

"कुठपर्यंत आलाय?"

मी वाकून प्लग पाहिला. पाहण्यासारखं काही नव्हतं, मशीन फिरतच होतं. फरशीकडे पाहिलं. "फरशी बहुतेक…" मी पुटपुटले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," घड्याळवाले सदस्य मागून म्हणाले. हळू म्हणाले, पण भूकंप नसलेल्या वर्गात सगळं ऐकू जातं. पूर्णविरामांनी कागदावर काहीतरी लिहिलं. एकच शब्द असावा. माझ्या पोटात गोळा आला. पाहुण्यांचा कप डोळ्यांपुढून जाऊ लागला.

आणि तेव्हा मला मशीनच्या बाजूला, खाली कोपऱ्यात, ती दिसली. खडूने केलेली बरोबरची खूण.

क्षणात सगळं कळलं. सकाळी मशीन घराबाहेर चाललं होतं. चाळीस वर्षं बाबांच्या हातून मशीन बाहेर जाताना जे झालं, तेच झालं होतं. त्यांनी ड्रम उघडला, आत काहीतरी एका बाजूला जड आहे हे हाताला लागलं, ते काढलं. पाय सपाट केले. पेला ठेवून पाहिला. पाणी हललं नाही. खूण केली. डोकं बहुतेक माझ्या नमुना पाठाच्या काळजीत होतं आणि हात आपलं काम करत होते. बाबांनी माझा भूकंप दुरुस्त केला होता!

आधी संताप आला. असा आला की ती खूण साडीच्या पदराने पुसून टाकावीशी वाटली. मग पोटातला गोळा वर सरकू लागला, आणि तो घशाशी आला तेव्हा कळलं की ते हसू आहे. मी ओठ आवळले. उपयोग झाला नाही. मी समितीसमोर, तीन वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या पाव तासात, टेबल धरून हसत सुटले.

"बाई, काय झालं?" शंकाबाईने विचारलं.

"अगं," मी डोळे पुसत म्हणाले, "आपला भूकंप दुरुस्त झालाय."

वर्गात एकच हशा फुटला. मुलांना कारण लागत नाही. मुख्याध्यापिकाबाईंचं पाहुण्यांसाठीचं हसू तेवढं विझलं.

पाठाचं टाचण तर बुडालंच होतं. बुडत्याला काय, पाऊस आला तरी तेवढाच. मी मशीन बंद केलं, टाचण मिटलं आणि मुलांकडे वळले. "मला सांगा, तुमच्या घरी हे मशीन कधी नाचतं?"

सगळे हात वर.

"बूट टाकले की!"

"आमचं भिंतीपर्यंत चालत जातं!"

"मामा त्याच्यावर बसतो, तेव्हा थांबतं!"

"बाई," शंकाबाई म्हणाली, आणि या वेळी तिला कसलीच शंका नव्हती, "ओलं ब्लँकेट. एकटं ब्लँकेट टाकलं की ते एका बाजूला गोळा होऊन बसतं. मग मशीन वेडं होतं."

"का होतं?"

"सगळं वजन एकीकडे. फिरताना ते मशीनला ओढतं. इकडे ओढतं, तिकडे ओढतं."

"ब्लँकेट कुठे मिळेल?"

हे विचारायला नको होतं. आजारी मुलांच्या खोलीतलं राखाडी ब्लँकेट दोन मिनिटांत नळाखाली जाऊन, व्हरांडाभर पाणी सांडत, चार मुलींच्या डोक्यावरून वर्गात आलं. मुख्याध्यापिकाबाई "अगं, अगं" म्हणेपर्यंत ते ड्रममध्ये होतं. मी मशीनचं पुढचं दार लावलं. "इमारती आहेत तशाच राहू द्या. बटण कोण फिरवणार?"

शंकाबाईने थेट "पिळणे"वर फिरवलं. तिला सौम्य धक्क्यात रस नव्हता.

ड्रमने एक फेरी घेतली, दुसरी घेतली, आत ब्लँकेट धपकन एका बाजूला बसलं आणि मशीनला आपला मागचा जन्म आठवला. धाड! पाणी पेल्यातून उडालं. धाड धाड! चार पायांची टाकी पहिल्याच झटक्यात गेली आणि तिचे मालक आनंदाने किंचाळले. पेन पट्टीवर असं काही नाचलं की रेघ कागद सोडून फळीवर गेली. पुठ्ठ्याचं रुग्णालय रांगत कडेला आलं आणि खाली उतरलं. चिकणमातीचा मनोरा डोलत होता, पण पडत नव्हता. "तिरप्या काड्या लावल्यात आम्ही! तिरप्या काड्या!" त्याचे बांधकामवाले बाकावर चढून ओरडत होते, आणि इमारतीला तिरपे आधार का द्यावेत यावरचं माझं तयार केलेलं पाच मिनिटांचं भाषण तिथेच संपलं, कारण आता ते सगळ्यांना कळलं होतं.

मग मशीन चालायला लागलं. फळी वर घेऊन, थाड थाड करत, आधी बाकांच्या दिशेने गेलं, तिथे पेन्सिलवाल्या बाईंनी पाय वर घेतले, मग वळून टेबलाकडे. "खडूने खूण करा कुठून कुठे गेलं ते!" मी ओरडले, आणि पाच मुलं गुडघ्यांवर बसून मशीनमागे रेघ ओढत निघाली.

नेमक्या त्याच वेळी दारात बाबा आले.

पायांत दोन वेगळ्या चपला, छाती भात्यासारखी चाललेली, आणि हातात वीट. घरी काय झालं ते मला नंतर सासूबाईंनी सांगितलं. टेम्पो गेल्यावर त्या पोळी लाटता लाटता सहज म्हणाल्या होत्या, "आज सकाळी चालवून बघितलंत, तेव्हा माझ्या ताटल्या वाजल्या नाहीत." बाबांनी घास तसाच ठेवला. मागच्या पायरीवर गेले. तिथे वीट होती, आणि शेजारी नीट गुंडाळलेला पट्टा. रिक्षाची वाट बघायलाही ते थांबले नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस शाळेपर्यंत विटेसकट धावत आला होता.

समितीला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त हातात वीट घेतलेला एक लालबुंद म्हातारा दिसला. घड्याळवाले सदस्य घड्याळ विसरले.

बाबांनी मात्र समिती पाहिलीच नाही. त्यांना एकच गोष्ट दिसली: मशीन हलतंय. वीट खाली टाकून त्यांनी झेप घेतली, दोन्ही तळवे मशीनवर रोवले, सगळं वजन टाकलं, आणि मशीन त्यांच्या हाताखाली थरथरत शांत होऊ लागलं. चाळीस वर्षांचे हात होते ते. मनोऱ्याचं डोलणं थांबलं.

"सोडा, आजोबा!" मुलं ओरडली. "सोडा ना! भूकंप आहे तो!"

बाबांनी मान वर केली. मुलांकडे पाहिलं, खाली पडलेल्या रुग्णालयाकडे, फरशीवरच्या खडूच्या रेघेकडे, मग माझ्याकडे. त्यांना कळायला वेळ लागला. आणि मग त्यांनी एक हात काढला. थांबले. दुसरा हात काढला. हलणाऱ्या मशीनवरून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हात काढले होते, आणि ते रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी टाळी वाजवली.

मशीन जे सुटलं ते टेबलावर आदळलं. वायर ताणून प्लग निघाला आणि एकदम सगळं गप्प झालं. मनोरा उभा होता.

पूर्णविराम उठले. त्यांनी विटेकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "हे गृहस्थ कोण?"

"माझे सासरे."

"आणि हे साहित्य कोणी तयार केलं?"

तीन आठवडे मी याचं उत्तर पाठ केलं होतं. एका शब्दाचं होतं. पण बाबांच्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या, आणि तो शब्द काही तोंडातून निघेना.

"यांनी," मी म्हणाले. "कल्पना माझी होती. पण मशीन यांनी केलं. मी अर्जात खोटं लिहिलं."

मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, गेली जागा. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण हलकंही वाटलं.

"काहीतरीच काय!" बाबा ताडकन म्हणाले. "साहेब, माझं ऐका. मी मशीन दुरुस्त करणारा माणूस. मी केलेलं मशीन सकाळी इथे आलं. ते हललं का?"

पूर्णविराम विचारात पडले. "नाही," त्यांनी मान्य केलं. "अजिबात नाही."

"हां! ते माझं काम." बाबांनी वीट उचलली. "हलवायला मला ही लागते. हिने आणि या पोरांनी विटेशिवाय हलवलं. कसं हलवलं ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा हे जे काही नाचलं ते माझं नाही, हिचं आहे. आणि कृपा करून कागदावर माझं नाव घालू नका. नाचणाऱ्या मशीनवर माझं नाव? लोक काय म्हणतील?"

एवढं बोलून ते गुडघ्यावर हात ठेवत खाली वाकले आणि मशीनच्या कोपऱ्यातली खडूची खूण त्यांनी शर्टाच्या बाहीने पुसून टाकली. नीट पुसली, दोनदा. मला रडू फुटलं. हसता हसता फुटल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही अशी माझी समजूत आहे.

पूर्णविरामांनी त्या पुसलेल्या जागेकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची बाजूला सारली.

"मला नीट दिसलं नाही," ते म्हणाले. "मी लिहीत होतो. पुन्हा लावा."

"पुन्हा?"

"पिळणेवर," ते म्हणाले, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

शंकाबाईने प्लग लावला. मशीन उसळलं. आणि त्या गृहस्थांनी माझा मूल्यांकनाचा कागद उचलून थेट उड्या मारणाऱ्या निळ्या फळीवर ठेवला, एका हाताने दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने लिहायला लागले. चष्मा नाकावरून उडत होता. मुलं टाळ्या वाजवत होती. पेन्सिलवाल्या बाई बाकावर उभ्या राहिल्या होत्या, बघायला.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत माझी नेमणूक होती, आणि मागे मूल्यांकनाची प्रत जोडलेली. वरच्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत एकच शब्द लिहून खोडलेला होता: "अयशस्वी." त्याखाली साहित्य शिक्षकाने स्वतः तयार केलं आहे का, या प्रश्नापुढे "होय" असावं. असावं म्हणते, कारण त्या "होय"ची काना-मात्रा तीन रकाने ओलांडून कागदाच्या कडेपर्यंत नाचत गेली होती.

मी तो कागद बाबांना दिला. त्यांनी चष्मा लावून ती थरथरती अक्षरं बोटाने चाचपली, उलटसुलट करून पाहिली. मग खिशातून खडू काढला आणि कागदाच्या कोपऱ्यात, बारीकशी, बरोबरची खूण केली. ती मी अजून पुसू दिलेली नाही.

"झालं ना आता?" सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांच्या कमरेवर कपड्यांची बादली होती. "मग माझं मशीन परत जोडा. आणि ते शाळेचं ब्लँकेट आधी बाहेर काढा, वास यायला लागलाय."